चौकटीबाहेर राहिलेले गाव : रेंजफाइंडर कॅमेरे आणि बारामती-इंदापूरची छायाचित्रे

मराठीत छायाचित्रांविषयी जे लिहिले जाते, ते बहुतेक वेळा छायाचित्रातल्या माणसांविषयी असते. फोटोत कोण आहे, तो कोणत्या प्रसंगी काढला, मधोमध बसलेले गृहस्थ पुढे कोण झाले, एवढे सांगून झाले की विषय संपतो. फोटो कोणत्या यंत्राने काढला, त्या यंत्राला काय दिसत होते आणि काय नाही, मूळ निगेटिव्हचा किती भाग आपल्यापर्यंत पोहोचला आहे, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. पोथी हाती आली तर कागद, शाई, लेखनिकाचे वळण तपासणारा आपला संशोधक फोटो हाती आला की एकदम भोळा होतो.

१२० फिल्मवर चालणारे जुने रेंजफाइंडर कॅमेरे दुरुस्त करणे आणि वापरणे हे काम मी बारामती व इंदापूर तालुक्यांत गेली काही वर्षे करतो आहे. त्या निमित्ताने बंद पडलेल्या स्टुडिओंतल्या आणि घराघरांतल्या ट्रंकांतल्या निगेटिव्ह पाहायला मिळाल्या. या दोन कामांचा एकमेकांशी जो संबंध दिसला, तो इथे मांडायचा आहे. जुना कॅमेरा चालता करणे हे फोटो वाचण्याचे एक साधन आहे. ते साधन आपण वापरत नाही, म्हणून उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचा शिल्लक पुरावा आपण आपल्याच हातांनी कापतो आहोत, असे माझे म्हणणे आहे.

१

आधी यंत्राविषयी. १२० क्रमांकाची फिल्म कोडॅकने १९०१ मध्ये आणली आणि ती आजही मिळते. तिच्यावर सहा बाय सहा सेंटीमीटरच्या बारा चौकोनी चौकटी बसतात. प्रत्यक्ष चित्र सुमारे ५६ बाय ५६ मिलिमीटरचे असते, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या चित्राच्या साडेतीन पटींहून अधिक. निगेटिव्ह मोठी असल्यामुळे कोपऱ्यातला तपशीलही टिकतो. या लेखातल्या युक्तिवादाचा पाया तोच आहे.

फिल्म मोठी झाली की भिंगाचे नाभीय अंतर वाढते आणि फोकसची चूक महाग पडते. ८० मिलिमीटरचे भिंग २.८ वर पूर्ण उघडे ठेवून दीड मीटरवरच्या माणसाचा फोटो घेतला, तर नीट स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम दहा सेंटीमीटरचा मिळतो. अंतर अंदाजाने ठरवून भागत नाही. रेंजफाइंडर ही अडचण मोजणीदाराच्या त्रिकोणाने सोडवतो. एकमेकांपासून थोड्या अंतरावरच्या दोन खिडक्यांतून एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा घ्यायच्या, त्या एकमेकींवर बसवायच्या आणि त्यासाठी किती कोन फिरवावा लागला त्यावरून अंतर काढायचे.

झाईस इकॉनने १९३४ पासून आणलेल्या 'सुपर इकोंटा' मालिकेत हे फार देखण्या रीतीने साधले आहे. घडी उघडली की भिंगाशेजारी एक छोटा दांडा उभा राहतो. त्यात काचेच्या दोन गोल पाचरी एकमेकींच्या उलट दिशेने फिरतात. भिंगाचा पुढचा भाग फिरवला की दातेरी चक्रांमार्फत पाचरीही फिरतात. भिंग आणि कॅमेऱ्याचे शरीर यांच्यामध्ये एकही तरफ नाही. याउलट ॲग्फाच्या 'इझोलेट ३' मध्ये रेंजफाइंडर भिंगाला जोडलेला नाही. वरची चकती फिरवून अंतर वाचायचे आणि ते हाताने भिंगावर लावायचे, अशी त्याची दोन टप्प्यांची रीत आहे.

सामान्य घरांत मात्र हे कॅमेरे क्वचितच होते. तिथे बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला 'ॲग्फा क्लिक ३' असे. तोही १२० फिल्मचाच, पण डब्याच्या जातीचा. अंतर मोजण्याची सोय त्यात नाही. परदेशी कॅमेऱ्यांच्या आयातीवर निर्बंध होते, त्यामुळे ज्याच्याकडे जर्मन घडीचा कॅमेरा होता तो त्याला वर्षानुवर्षे डागडुजी करून चालवत राहिला. त्या डागडुजीच्या खुणा अजूनही कॅमेरे उघडल्यावर सापडतात : भात्याला लावलेली सायकलच्या ट्यूबची ठिगळे, स्क्रूच्या जागी घड्याळातला स्क्रू.

२

दुरुस्तीचे काम चिकाटीचे आहे, पण त्यात गूढ काही नाही. रात्री खोली अंधारी करून भात्यात छोटा दिवा धरायचा. घडीच्या कोपऱ्यांवर चांदण्या दिसल्या तर तिथून उजेड शिरतो. शटरमधले जुने ग्रीस घट्ट होते, म्हणून एक सेकंदाचा वेग तीन सेकंद रेंगाळतो. ते पेट्रोलजातीच्या द्रावकाने धुवायचे आणि पात्यांना तेलाचा थेंबही लागू द्यायचा नाही. ॲग्फाच्या घडीच्या कॅमेऱ्यांत फोकसच्या आट्यांमधले हिरवे ग्रीस लाखेसारखे कडक होते. पुढचे भिंग मधल्या भिंगाला चिकटते आणि फोकस फिरवला की दोन्ही एकत्र फिरतात. वरचे आकडे बरोबर असतात, फोटो मात्र धूसर येतो. ती कडी सोडवण्यासाठी लागणारा पाना वालचंदनगरच्या एका निवृत्त टर्नरने मला लेथवर करून दिला. साखर कारखान्यांच्या अवजड यंत्रांवर हात बसलेल्या माणसाला दोन टोकांचा एवढासा पाना करताना मजा वाटली.

शेवटची पायरी अनंताची. फिल्मच्या जागी घासलेली काच ठेवायची, शटर उघडे ठेवायचे आणि फार दूरची उभी वस्तू भिंगातून पाहायची. भवानीनगरला छत्रपती साखर कारखान्याचे धुराडे या कामाला उत्तम आहे. धुराडे काचेवर स्वच्छ दिसले की भिंगाचा अनंत पक्का करायचा आणि मग रेंजफाइंडरमधली दोन धुराडी एक होईपर्यंत आरसा हलवायचा.

हे काम करताना तीन गोष्टी हाताला कळतात आणि त्या तिन्ही जुन्या फोटोंत दिसू लागतात.

पहिली, उभ्या रेषेची गरज. रेंजफाइंडरमधल्या प्रतिमा आडव्या सरकतात, त्यामुळे आडवी रेषा त्याला उपयोगाची नाही. पाण्याची कड, बांध, सपाट रान यांवर दोन प्रतिमा जुळल्या की नाही हे समजत नाही. खांब, चौकट, बाभळीचे खोड असे काहीतरी उभे हवे. भीमाकाठच्या सपाट मुलखात जुन्या फोटोंतली माणसे खांबाला किंवा दाराच्या चौकटीला लागून उभी दिसतात, त्याला प्रतिष्ठेचे कारण असेल, तसे हेही एक कारण असू शकते.

दुसरी, दृष्टिभेद. बघायची खिडकी भिंगाच्या वर असते. जवळून फोटो काढताना डोळ्याला पागोटे पूर्ण दिसते, भिंगाला ते अर्धेच दिसते. डोके कापलेला फोटो म्हणजे अडाणी फोटोग्राफर, असे म्हणण्यापूर्वी अंतर पाहावे.

तिसरी, क्षितिज. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या माणसांना क्षितिजरेषा कॅमेऱ्याच्या उंचीवर छेदते. पोटाशी धरून, वरून काचेत वाकून पाहायच्या दुहेरी भिंगाच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत ती कमरेच्या आसपास जाते. घडीचा कॅमेरा डोळ्याला लावतात, त्यामुळे तिथे ती डोळ्यांतून जाते. फोटो काढणारा समोरच्याकडे खालून पाहत होता की बरोबरीने, हे एका पट्टीने मोजता येते.

यात फोकसच्या पातळीची भर घालावी. संध्याकाळच्या उजेडात भिंग उघडे ठेवून काढलेल्या दोन रांगांच्या कुटुंबफोटोत एकच रांग स्पष्ट येते. कोणती, हे फोटोग्राफरने ठरवलेले असते. मी पाहिलेल्या अशा फोटोंत पुढे खुर्चीवर बसलेले पुरुष धारदार आणि मागे उभ्या असलेल्या बायका किंचित विरलेल्या आहेत. दोन प्रतिमा कोणाच्या चेहऱ्यावर जुळवल्या गेल्या, हा घरातल्या मानाचा लेखी नसलेला पुरावा आहे.

३

भारतीय फोटोंवरच्या गंभीर लेखनात ख्रिस्तोफर पिनी यांच्या 'कॅमेरा इंडिका' (१९९७) या ग्रंथाचे स्थान मोठे आहे. मध्य प्रदेशातल्या नागद्याच्या स्टुडिओंचा अभ्यास करून त्यांनी रंगवलेले पडदे, जोडचित्रे आणि फोटोच्या पृष्ठभागावरची कारागिरी यांकडे लक्ष वेधले. स्टुडिओतल्या फोटोला ही दृष्टी चपखल बसते. घराच्या अंगणात, रस्त्यावर, देवळासमोर काढलेल्या फोटोला ती पुरत नाही. तिथे पडदा नाही. मागे खरे गाव आहे. आणि आमच्याकडचा प्रश्न नेमका त्या मागच्या गावाचा आहे.

भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत या तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांना उठावे लागले. जुने पळसदेव पाण्यात गेले. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की तिथले पळसनाथाचे मंदिर उघडे पडते आणि दर वेळी त्याचे फोटो छापून येतात. भिगवणच्या बाजूला रोहित पक्ष्यांचे फोटो काढायला लांबून लोक येतात. लांब भिंगातून टिपलेले पक्षी आणि ड्रोनवरून घेतलेले देऊळ, ही आजच्या उजनीची दोन ठरलेली चित्रे आहेत. दोन्ही सुंदर आहेत आणि दोन्हींत जलाशय जणू आधीपासूनच तिथे होता असा भास होतो. पक्ष्यामागचे पाणी धूसर केलेले असते. आकाशातून पाहिलेल्या देवळाला अंगण नसते, वाट नसते, माणसाच्या उंचीवरचे क्षितिज नसते.

पाणी येण्यापूर्वीची गावे कुठे आहेत? सरकारी मोजणीच्या नकाशांत आहेत, लोकांच्या बोलण्यात आहेत आणि सहा बाय सहाच्या निगेटिव्हवर आहेत. यातल्या तिसऱ्या पुराव्याचे आपण काय करतो, ते एका उदाहरणाने सांगतो. पुनर्वसित गावातल्या एका घरात पणजोबा-पणजींचा मोठा केलेला फोटो भिंतीवर आहे. उभा आयत, दोन चेहरे, हार. घरच्यांकडे मूळ निगेटिव्ह होती. ती पूर्ण चौकोनी आहे. तिच्यात डावीकडे दगडी ओटा, त्यावर पालथे घातलेले घमेले, दाराच्या चौकटीवर कोरलेली गणेशपट्टी आणि उजवीकडे कडब्याच्या वळईमागे देवळाच्या शिखराचा तुकडा दिसतो. स्टुडिओने आयताच्या कागदासाठी दोन्ही बाजू कापल्या. कागद आयताकृती मिळतो आणि गिऱ्हाइकाला चेहरे हवे असतात, म्हणून त्या वेळी ते बरोबरच होते. चेहरे राहिले, गाव कापले गेले. आता चेहऱ्यांच्या आठवणी सांगणारे आहेत. ओटा मात्र फक्त त्या निगेटिव्हवर आहे. घरातल्या मुलाला आपले जुने घर कोणत्या दिशेला तोंड करून होते हे माहीत नव्हते. सावल्या आणि शिखर यांच्यावरून ते निगेटिव्ह पाहून सांगता आले.

स्थानिक इतिहासाची पुस्तके, गौरवग्रंथ, स्मरणिका यांनी हीच काटछाट पुढे चालवली आहे. फोटो कापून गोल किंवा लंबगोल करायचा, पार्श्वभूमी पांढरी करायची, खाली नाव द्यायचे. फोटोग्राफरचे नाव नाही, मूळ आकार नाही, निगेटिव्ह कोणाकडे आहे याची नोंद नाही. शिलालेखाच्या ठशातले फक्त राजाचे नाव कापून छापले तर आपण ते चालवून घेऊ का?

४

यावर एक आक्षेप येईल, तो रास्त आहे. हे सगळे वाचायला निगेटिव्ह पुरे आहे; तिचा चांगला स्कॅन करा, जुने कॅमेरे उघडत बसायचे कारण काय? कारण असे, की निगेटिव्हवरच्या खुणांचा अर्थ यंत्र हाताळल्याशिवाय लागत नाही. सुपर इकोंटाच्या ५३२/१६ या प्रकारात रोलवर बाराऐवजी अकराच चित्रे येतात, कारण त्याची आपोआप थांबणारी चावी दोन चित्रांत जास्त जागा सोडते. मागच्या लाल खिडकीतून आकडे पाहून पुढे ढकललेल्या रोलमध्ये अंतरे कमीजास्त पडतात. ती लाल खिडकी लाल उजेड न ओळखणाऱ्या जुन्या फिल्मसाठी होती. पुढे सर्व रंग ओळखणारी फिल्म आली आणि उन्हात उघडी राहिलेली खिडकी चित्रावर गोल डाग पाडू लागली. घडी उघडताना भाता हवा ओढतो आणि ताणलेली फिल्म पुढे फुगते. म्हणून आधी घडी उघडून मगच रोल फिरवायचा असतो. ज्याने उलट केले, त्याच्या चित्राचा मधला भाग मऊ येतो. या खुणा माहीत असल्या तर एकाच घरातल्या सुट्या निगेटिव्ह एका रोलच्या, एका कॅमेऱ्याच्या, पुष्कळदा एका दिवसाच्या म्हणून जुळवता येतात. तारीख नसलेल्या फोटोला शेजार मिळतो.

दुसरीकडे, जुन्या कॅमेऱ्यांचे जे आकर्षण सध्या वाढले आहे त्याविषयीही बोलले पाहिजे. स्टुडिओ बंद होतो, तेव्हा कॅमेऱ्याला गिऱ्हाईक मिळते. पितळ चकचकीत करून, भात्याला नवे चामडे लावून तो दिवाणखान्यात बसतो. निगेटिव्हची पोती मात्र चांदी काढणाऱ्यांकडे किंवा थेट भंगारात जातात. शटर न चालणारा पण चकाकणारा कॅमेरा आणि वितळलेल्या निगेटिव्ह, हा जतनाचा उलटा अर्थ आहे. मी कोणाच्या हौसेला नावे ठेवत नाही. पण कॅमेरा विकत घेणाऱ्याने त्याच दुकानातल्या खोक्यांची चौकशी केली, तर त्याच्या हौसेचा समाजाला उपयोग होईल.

त्या खोक्यांसाठी फार खर्च लागत नाही. निगेटिव्ह प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून आम्ल नसलेल्या कागदात ठेवाव्यात, पावसाळ्यात दमट भिंतीपासून दूर ठेवाव्यात, काठासकट पूर्ण चौकट स्कॅन करावी, पट्ट्या कापू नयेत, आणि घरातल्या सर्वांत वयस्क बाईला समोर बसवून मागे काय काय दिसते ते लिहून घ्यावे. पुरुष माणसे ओळखतात; पाणवठा, उखळ, शेजारचे दार बायका ओळखतात, असा माझा अनुभव आहे. बारामती आणि इंदापूरच्या महाविद्यालयांतल्या इतिहास व मराठीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम सहज देता येईल. आणि पुढच्या वेळी एखाद्या स्मरणिकेसाठी जुना फोटो मागायला कोणी आले, तर एक अट घालावी : छापायचा तर पूर्ण चौकोन छापा.