उद्याची अभिजात मोटार

दहावीच्या वर्गात ‘अभिजात’ या शब्दाचा अर्थ सांगत होतो. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्र सरकारने मराठीला तो दर्जा दिला, तेव्हापासून शब्द मुलांच्या तोंडी बसला आहे. मागच्या बाकावरून एकाने विचारले, “सर, आमची नवी गाडी पुढे अभिजात होईल का?” वर्ग हसला. मला हसता आले नाही; प्रश्न खरा होता आणि उत्तर मजजवळ तयार नव्हते.

सरकारजवळ ते आहे. 2021 साली मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीप्रमाणे 50 वर्षे पुरी झालेली, मूळ घडण फारशी न बदललेली मोटार ‘व्हिंटेज’ ठरते. तिच्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आणि प्रदर्शनासारखी निमित्ते सोडली तर तिने रस्त्यावर यावयाचे नाही. म्हणजे मोठेपण वयावर! या न्यायाने आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पेन्शनराला महाकवी म्हणावे लागेल.

वाचकहो, वयाने मोटार जुनी होते, एवढेच. पुस्तकाला आपण जी कसोटी लावतो तीच मी तिला लावीन: ती पुन्हा पुन्हा उघडता येते का, आणि उघडल्यावर नव्या माणसाला कळते का?

आमच्या चांद्याकडेच पाहा. ताडोब्याच्या मोहर्ली दारावर पहाटे जिप्सींची रांग लागते. ही गाडी मारुतीने 1985 साली आणली. 970 घनसेंटिमीटरचे इंजिन, पुढेमागे पोलादी पाटे, चारही चाकांना जोर देणारा निराळा दांडा. पुढे इंजिन 1300 चे झाले, बाकी बांधा तोच. आरामाच्या बाबतीत तिच्यावर टीका करावी तेवढी थोडी. वाघ दिसो न दिसो, पाठीचा मणका न् मणका ओळखीचा होतो. 2019 पर्यंत ती बाजारातून गेली, तरी रानात ती आहेच. कारण सोपे आहे. दस-बाराचा पाना उस्तादाच्या हाती देत देत शिकलेला मिस्त्री तिचे बॉनेट उघडतो, कान लावतो, जुन्या गाडीचा कार्बोरेटर सोडवून पेट्रोलने धुतो, आणि गाडी पुन्हा बोलू लागते. मुंबईची काळीपिवळी पद्मिनी याच गुणावर जगली. स्टँडवर उभी होती तोवर तिला कोणी अभिजात म्हटले नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये ती रस्त्यावरून उतरली तेव्हा सगळ्यांचे डोळे पाणावले.

मी जुन्याचा भाट नव्हे. चिमूरच्या रस्त्यावर रात्री रानडुक्कर आडवे आले, तर हवेच्या पिशव्या असलेली, ब्रेक सावरून धरणारी नवी गाडीच मला हवी. पण तिच्या पोटात अनेक लहान संगणक आहेत, आणि त्यांची लिपी कारखान्यालाच ठाऊक. उद्या त्याने तो भाग बनविणे थांबविले, की पत्रा शाबूत, रंग चकचकीत आणि गाडी मुकी. जुन्या वाड्यांतून मोडी कागदांची बासने अशीच पडून आहेत. जपली आहेत, पण वाचणारा सापडत नाही. गाडी बंद करताना कारखान्याने दुरुस्तीची विद्या आणि ही लिपी खुली करावी, असा कायदा झाला तर नव्या मोटारीला आशा आहे. नाही तर ती घड्याळासारखी वापरायची आणि भंगारात द्यायची.

आणि मोहर्लीला एक जिप्सी ठेवावी. काचेआड नव्हे, चालती. 1985 ची असेल तर 2035 साली तिची 50 वर्षे भरतील.

त्या मुलाला मी गाडीबरोबर आलेले पुस्तक आणावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी ते जाडजूड पुस्तक त्याने टेबलावर ठेवले. ‘अधिकृत केंद्राशी संपर्क साधा’ हे वाक्य त्यात किती वेळा येते ते आम्ही मोजू लागलो. मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा 31 पर्यंत आलो होतो.