बेळगावी मराठी : अवतरणचिन्हांच्या आत आणि बाहेर

बेळगावात कोणी कोणाला ‘काय करालास?’ असे विचारले की पुण्याचा पाहुणा हटकून हसतो. ‘काय करतो आहेस?’ असे म्हणावे, हे तो सौम्यपणे सुचवतो आणि यजमानही किंचित ओशाळून त्याच्यापुरते आपले क्रियापद बदलून घेतो. वास्तविक यात ओशाळण्याजोगे काही नाही. चालू असलेली क्रिया ‘करायला लागलो आहे’ अशी ‘लागणे’ या क्रियापदाने सांगण्याची रीत या सबंध पट्ट्यात आहे आणि शेजारच्या धारवाडी कानडीतही ती आहे. तेथील ‘माडाकत्तीनी’ म्हणजे नेमके हेच. त्यात दडलेला ‘हत्तु’ म्हणजे आपले ‘लागणे’. ही रीत कोणी कोणाकडून उचलली यावर दोन्हीकडच्या मंडळींत चहाच्या दोन फेऱ्या सहज होतात. धारवाडकर तुप्प आणि अडकत्तरी यांच्या नावाने आपले तूप आणि अडकित्ता परत मागतो. बेळगावकर त्याच्या बोलण्यातील ‘खोली’ आणि ‘बरोब्बर’ पुढे करतो. हिशेब मिटत नाही आणि तो मिटावा अशी कोणाची इच्छाही नसते.

या मराठीला साहित्यात जागा कशी मिळाली, हे पाहणे मात्र इतके सुखाचे नाही. ‘गणगोत’मधील ‘रावसाहेब’ आपल्यापैकी अनेकांना जवळजवळ पाठ आहे. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावात प्राध्यापक होते. रावसाहेबांचे कानडी हेलाचे, शिव्यांनी नटलेले मराठी त्यांनी ज्या कानाने टिपले त्याला तोड नाही आणि त्यामागील जिव्हाळ्याविषयी शंका घेणे कृतघ्नपणाचे ठरेल. तरीही ही बोली तेथे अवतरणचिन्हांच्या आत राहते. भोवतालचे निवेदन मुंबई-पुण्याचे आहे; वाचक निवेदकाशेजारी बसून रावसाहेबांचे बोलणे ऐकतो आणि हसतो. पुढे या लेखाची जी असंख्य वाचने झाली, त्यांत जिव्हाळा हळूहळू मागे पडला आणि हेल तेवढा उरला. आपल्या मंडळांतूनही तो हेल काढून दाखवणाऱ्याला टाळ्या मिळतात. टाळ्या देणाऱ्यांत त्याच हेलात घरी बोलणारेही असतात.

प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’ने (१९९४) ही बैठक बदलली. आईवडिलांपासून दूर, सीमाभागातील गावी आजी-आजोबांकडे राहणारा लंपन स्वतःच सांगतो. त्याला वाटते ते ‘मॅडसारखे’ वाटते आणि त्याची टिंगल करायला शेजारी कोणी शहाणा निवेदक बसवलेला नाही. हे निवेदन म्हणजे बोलीचे ध्वनिमुद्रण नव्हे. त्यात पुस्तकी मराठी भरपूर आहे. पण गावाकडचे वळण आणि प्रमाण मराठी यांच्यामधील अवतरणचिन्हे संतांनी काढून टाकली. आईची आठवण, शाळा, गाणे, सुमीविषयीची ओढ असे लंपनच्या आयुष्यात जे जे मोलाचे आहे, ते याच मराठीत येते. ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’पर्यंत (२००२) हे सुटलेले नाही.

असेच काम पलीकडे द. रा. बेंद्रे यांनी पूर्वीच करून ठेवले होते. बेंगळूरकर ज्या धारवाडी कानडीला मराठीने बाटलेली म्हणून हसतो, तिच्यात त्यांनी थोर कविता लिहिली. बेंद्र्यांचे घर मराठी! १९७३ सालचे ज्ञानपीठ त्यांच्यामुळे कानडीला गेले. मराठीला पहिले मिळाले ते त्यानंतरच्या वर्षीचे, खांडेकरांचे. धारवाडच्या स्नेह्यांनी हा टोमणा आपल्याला अजून मारलेला नसेल, तर तो केवळ त्यांचा सभ्यपणा. आपापल्या राजधान्यांनी हसावे, हे नशीब मात्र दोन्ही गावांना सारखेच आले आहे.

संतांविषयी माझी एक तक्रार आहे. लंपन मुलगा आहे. त्यामुळे त्याची भाषा ‘गोड’ म्हणून स्वीकारणे वाचकाला सोपे जाते. बालपणाच्या परवान्यावर ती आत येते. मोठ्या माणसाने तीच भाषा व्यवहाराला, भांडणाला, कर्जाला वापरली तर काय होते, हे पाहायचे तर निपाणीच्या महादेव मोरे यांच्याकडे जावे लागते. टॅक्सीवाले, गॅरेजमधील कामगार, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया यांच्या कथांत ती बोली गोड वगैरे लागत नाही. पोटासाठी झटणाऱ्या माणसाच्या तोंडी ती असते आणि तिला हसायला वाचक सहसा धजत नाही. पण मोऱ्यांच्या कथेचे वाचन आपल्या मंडळांत किती वेळा होते? इंदूर-बडोद्याचे राहू द्या, बेळगावातही रावसाहेबांची फर्माईश आधी येते. आपल्या नियतकालिकांत तर नव्या लेखकाच्या कथेतील ‘करालास’ मुद्रितशोधनात ‘करतोस’ होऊन छापले जाते आणि लेखक त्याबद्दल आभार मानणारे पत्रही पाठवतो.