‘जलशक्ती’ : एका नावाची व एका वाक्याची चिकित्सा

नवा पदार्थ प्रयोगशाळेतून बाजारात येतो, तेव्हा त्याच्याबरोबर त्याचे वर्णनही येते. वाटेत त्या वर्णनातून काय गळते, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने विकसित केलेले, स्टार्चवर आधारलेले जलशोषक पॉलिमर १९८० नंतरच्या दशकात ‘जलशक्ती’ या नावाने कोरडवाहू शेतीसाठी पुढे आले. त्याचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

प्रथम नाव घेऊ. ‘जलशक्ती’ या समासाचा विग्रह करणारा शेतकरी ‘जल देणारी शक्ती’ असा अर्थ घेईल. वस्तुतः हा पदार्थ पाणी निर्माण करीत नाही. मिळालेले पाणी धरून ठेवतो व मुळांना सावकाश देतो. पाऊसच झाला नाही, तर धरावयाचे काय?

अधिक महत्त्वाचा दोष वाक्याचा आहे. ‘स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी शोषतो’ हे अशा पदार्थांविषयीचे नेहमीचे विधान. शास्त्रीय लेखनात त्याला ‘शुद्ध पाण्यात’ हे विशेषण-पद जोडलेले असते; जाहिरातीत ते लोप पावते. पॉलिमरच्या साखळ्यांवरील समान विद्युत्‌भार परस्परांस दूर लोटतात, म्हणून तो फुगतो. पाण्यात क्षार असले की हे प्रतिसारण क्षीण होते. कॅल्शियम व मॅग्नेशियम असल्यास फुगणे फारच घटते.

बुलढाणा जिल्ह्यात हा भेद केवळ पुस्तकी नाही. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात, शेगाव-संग्रामपूरच्या बाजूस खारपाणपट्टा आहे. घाटावर चिखली-मेहकरची स्थिती निराळी. एकाच जिल्ह्यात एकाच वाक्याची सत्यता अशी बदलते.

याच प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून ‘व्हेंचर सेंटर’ नवोद्योगांना, म्हणजे आजच्या भाषेत स्टार्टअपना, साहाय्य करते. अशा उद्योगांत ‘व्यवसायविकास’ म्हणजे ग्राहक शोधणे, असा अर्थ रूढ आहे. आमच्या मते त्याचे पहिले काम गळालेली अट परत जोडणे हे होय : त्या गावच्या विहिरीच्या पाण्यात पदार्थ तपासावा आणि मिळालेला आकडा पिशवीवर मराठीत छापावा.

अटी घातलेले वाक्य कमी खपते, हा आक्षेप खरा आहे. परंतु शेतकरी पहिल्या हंगामात शब्दावर विश्वासून माल घेतो. दुसऱ्या हंगामात तो पीक पाहून घेतो. पहिल्याच हंगामात फसलेल्या शेतकऱ्याचे नुकसान मात्र कोणतीही नवी जाहिरात भरून काढीत नाही.