दूध विकले, बाटली नाही : मालकीच्या खुणेचा कायदा आणि त्याची मर्यादा

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने हे मध्येच काय काढलं? दुधाच्या बाटलीवर, कॅनवर, क्रेटवर डेअरीचे नाव असते. त्या नावाला कायदा किती संरक्षण देतो आणि किती द्यावे, एवढाच आजचा प्रश्न आहे. प्रश्न लहान दिसतो. पण मालकी म्हणजे काय, पुरावा म्हणजे काय आणि संशय कोणावर घ्यायचा, हे तिन्ही प्रश्न या एका बाटलीत मावतात. म्हणून आम्ही तो निवडला.

आधी व्यवहार नीट समजून घेऊ. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काचेच्या बाटलीतून घरोघर दूध जाऊ लागले. त्याआधी दूधवाला मोठ्या कॅनमधून मापाने गिऱ्हाइकाच्या भांड्यात दूध ओतत असे. म्हणजे दूध त्याचे, भांडे गिऱ्हाइकाचे. आपल्याकडच्या रतिबाचीही हीच रीत. बाटली आली आणि भांडेही दूधवाल्याचे झाले. आता सकाळी दारात जी बाटली ठेवली जाते तिच्यात दोन वेगळे व्यवहार आहेत. आतले दूध विकले गेले. बाहेरची काच विकली गेली नाही. ती वापरापुरती दिली आणि परत यायची आहे. आपल्या धर्मशास्त्रात वापरायला मागून आणलेल्या वस्तूला ‘याचित’ म्हणतात, ती तशीच परत करायची असते. दूध खरेदीचे, बाटली याचित. आणि दोन्ही एकाच हाताने, एकाच वेळी घेतल्या जातात.

इथेच गुंता सुरू होतो. याज्ञवल्क्य स्मृतीत आणि तिच्यावरच्या मिताक्षरेत ‘आगम’ आणि ‘भोग’ असा भेद केला आहे. आगम म्हणजे वस्तू आपल्याकडे कशी आली, त्याचा कायदेशीर आधार. भोग म्हणजे प्रत्यक्ष ताबा आणि वापर. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या भोगाचा अपवाद सोडला, तर आगम भोगापेक्षा वरचढ मानला आहे. आता पाहा, बहुतेक वस्तूंच्या बाबतीत हे दोन्ही एकत्र नांदतात. माझा चष्मा माझ्या नाकावर असतो. पण दुधाची बाटली ही अशी वस्तू आहे की तिचा धंदाच आगम आणि भोग रोज वेगळे करण्यावर चालतो. मालक एक, ताबा शेकडो घरांचा. बाटली मालकाकडेच राहिली तर ती निरुपयोगी.

मग मालकाने काय करावे? त्याने बाटलीवर नाव कोरले. हेगेलने १८२०–२१ च्या ‘हक्काच्या तत्त्वज्ञाना’त वस्तू आपलीशी करण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : प्रत्यक्ष हातात घेणे, तिला आकार देणे, आणि तिच्यावर खूण करणे. खुणेबद्दल त्याचे निरीक्षण महत्त्वाचे आहे. खूण हा प्रकार सर्वांत व्यापक आहे, कारण माणूस तिथे नसतानाही ती बोलते. पण तोच सर्वांत संदिग्धही आहे. खूण फार दूरवर पोहोचते, मात्र नेमके काय सांगते ते इतरांच्या समजुतीवर राहते. आजच्या साऱ्या विवेचनाचा आधार हा मुद्दा आहे, तेवढा लक्षात ठेवा.

जुन्या अमेरिकन बाटल्यांवर डेअरीच्या नावाबरोबर ‘नोंदणीकृत’, ‘धुऊन परत करा’ असे शब्द काचेतच उठवलेले सापडतात. तरीही बाटल्या परत येत नसत. कोणी त्यात लोणचे भरी, कोणी रॉकेल. एका डेअरीची बाटली दुसरीच्या गाडीत जाई, फुटलेल्या-टाकलेल्या मालाबरोबर भंगारात जाई, आणि तिथून एखादा लहान दूधवाला स्वस्तात विकत घेई. डेअरीचे नुकसान खरे होते. आम्हाला ते नाकारायचे नाही. बाटली अनेक फेऱ्या करते याच हिशेबावर तिची किंमत परवडते. दोन-तीन फेऱ्यांत ती हरवली तर दुधावरचा नफा काचेत जातो.

तेव्हा मालक विधिमंडळाकडे गेले. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत कायदे झाले. सोडा, बिअर, दूध, मलई यांच्या भांड्यांवरची खूण सरकारदरबारी नोंदवायची. नोंदवलेल्या खुणेचे भांडे मालकाच्या लेखी परवानगीशिवाय भरणे, विकणे, खरेदी करणे हा गुन्हा. इथपर्यंत समजण्यासारखे आहे. पण यांतल्या काही कायद्यांनी आणखी एक पाऊल टाकले. असे भांडे भंगारवाल्याकडे किंवा जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडे नुसते सापडले, तरी त्याने बेकायदा व्यवहार केला असे गृहीत धरायचे. तसे नाही हे त्याने दाखवायचे.

न्यूयॉर्कमध्ये या गृहीतकाला आव्हान दिले गेले. १८९३ च्या ‘पीपल विरुद्ध कॅनन’ या खटल्यात तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ते वैध ठरवले. ताबा आणि गैरव्यवहार यांच्यात तर्कसंगत संबंध आहे, आणि आरोपीला खुलासा करायची संधी आहे, असा त्या भूमिकेचा गाभा. पुढे गृहीतकांच्या घटनात्मकतेवर चर्चा झाली तेव्हा हा निकाल पुष्कळदा उद्धृत झाला. उलट, इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये ‘लिपमन विरुद्ध पीपल’ खटल्यात बाटल्या शोधण्यासाठी झडतीचे वॉरंट देणारी तरतूद घटनेविरुद्ध ठरवली. मालकाचा खाजगी माल हुडकून देण्यासाठी सरकारी झडतीचे हत्यार वापरता येणार नाही, असा त्याचा रोख होता.

न्यूयॉर्कचा तर्क आम्हाला पटत नाही. का, ते आपल्या न्यायदर्शनाच्या भाषेत सांगतो. पर्वतावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असे अनुमान आपण करतो. ते बरोबर ठरते, कारण अग्नी नाही तिथे धूर कधीच सापडत नाही. पण हेतू जर असा असेल की तो साध्य असलेल्या जागीही सापडतो आणि नसलेल्या जागीही सापडतो, तर त्याला ‘अनैकांतिक’ म्हणतात. तो हेत्वाभास आहे, हेतू नव्हे. आता बाटली घ्या. चोराच्या घरी खुणेची बाटली सापडेल. प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या घरीही सापडेल, कचऱ्यातून काच वेचणाऱ्याकडेही सापडेल, आणि दहा घरांची अडगळ तोलून विकत घेणाऱ्याकडे तर सापडेलच सापडेल. परक्याच्या हाती असणे हाच त्या बाटलीचा रोजचा क्रम. मग परक्याच्या हाती ती सापडली, यावरून अपराधाचे अनुमान कसे निघेल?

यावर कोणी म्हणेल, ‘अहो, गिऱ्हाइकावर नाही, फक्त भंगारवाल्यावरच गृहीतक लावलं आहे ना?’ आमची खरी तक्रार तीच आहे. हेतू दुबळा आहे हे कायद्यालाही कळते. गृहिणीला तो लावला असता तर उद्या सकाळी निम्मे शहर आरोपी झाले असते. म्हणून ज्याची बाजू मांडायला कोणी नाही, ज्याच्याकडे लेखी पावत्या नसतात, अशाच माणसावर तो लावला. खुलाशाची संधी आहे, हे कागदावर खरे. पण गोणीतल्या एकेका बाटलीचा आगम तो सिद्ध कसा करणार? खूण मालक कोण ते सांगते. बाटली कोणत्या वाटेने आली ते खूण सांगत नाही, आणि न्यायालयाने तिच्या तोंडून नेमके तेच वदवून घेतले.

याच प्रश्नाची दुसरी बाजू ब्रिटनमध्ये दिसते. तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे स्कॉटलंडहून ‘लीच विरुद्ध लेडन’ हा खटला आला. तो १९३१ च्या निकालसंग्रहात आहे. बाटल्या दुधाच्या नव्हत्या, सोडावॉटरच्या होत्या, पण प्रश्न हाच. लोक घरून बाटल्या आणत आणि दुकानदार त्या आपल्याकडच्या पेयाने भरून देई. काहींवर दुसऱ्याच कारखान्याचे नाव उठवलेले असे. कारखानदारांचे म्हणणे, दुकानदाराने प्रत्येक बाटली तपासून आमची असेल तर भरायला नकार द्यावा. लॉर्डांनी हे मान्य केले नाही. बाटल्या लोकांत सोडण्याची पद्धत कारखानदारांनी आपल्या सोयीसाठी निवडली. त्यांच्या मालावर पहारा ठेवण्याचे कर्तव्य तिऱ्हाइतावर येत नाही. मालकी कोणी नाकारली नाही. मालकीमुळे इतरांवर किती ओझे पडते, एवढेच तपासले. आमच्या मते प्रश्न विचारण्याची ही योग्य रीत होती.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो? १८६० च्या भारतीय दंड संहितेत ‘मालमत्ता-चिन्ह’ अशी स्वतंत्र कल्पना होती, कलम ४७९. जंगम वस्तू अमुक व्यक्तीची आहे हे दाखवणारी खूण, अशी तिची व्याख्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम ३४५ मध्ये आली आहे. इथे दोन गोष्टी पाहा. दुसऱ्याच्या खुणेच्या भांड्यात आपला माल भरून तो त्याचा आहे असे भासवले, तर तो गुन्हा आहे, आणि फसवण्याचा उद्देश नव्हता हे आरोपीने सिद्ध करायचे आहे. म्हणजे ओझे इथेही फिरवले आहे. पण ते केव्हा? भासवण्याचे कृत्य पुढे आल्यावर. नुसता ताबा पुरत नाही. दुसरे, खूण खरवडणे, पुसणे हा गुन्हा आहे, पण तो कोणाचे नुकसान व्हावे या उद्देशाने किंवा तसे होण्याचा संभव आहे हे ठाऊक असताना केलेला हवा. दंड संहितेच्या या भागाकडे आपले वकीलही फारसे पाहत नाहीत. तरी विचाराची शिस्त न्यूयॉर्कपेक्षा इथे अधिक आहे, असे आम्हाला वाटते.

आता मूळ व्यावहारिक प्रश्न उरतो. बाटली परत कशी येणार? खुणेच्या कायद्याचे समर्थक इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात. ‘ही कोणाची?’ हा एक प्रश्न. ‘ही परत का यावी?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर खूण देते. दुसऱ्याचे उत्तर खुणेत नसते, ते व्यवस्थेत शोधावे लागते. हे डेअऱ्यांनाही उमगले होते. अमेरिकन शहरांत त्यांनी मिळून बाटल्यांची अदलाबदल केंद्रे काढली : भटकलेल्या बाटल्या गोळा करायच्या, नावाप्रमाणे वेगळ्या करायच्या, थोडे शुल्क घेऊन ज्याच्या त्याला द्यायच्या. खूण तिथे उपयोगी पडली, पण टपालावरच्या पत्त्यासारखी. दुकानांतून विकल्या जाणाऱ्या दुधासाठी तर काही ठिकाणी डेअरीचे नाव नसलेल्या सामाईक बाटल्या निघाल्या आणि त्यांच्यावर पाच सेंटची अनामत तेवढी उठवलेली असे. मालकाचे नाव गेले, परतीची किंमत आली.

मुंबईकरांना आरेच्या बाटल्या आठवत असतील, पातळ ॲल्युमिनियमच्या झाकणाच्या. रिकामी बाटली द्या, भरलेली घ्या. बाटल्या परत येत त्या या नियमामुळे. पुढे पिशवी आली आणि परतीचा प्रश्नच विसरला गेला, तो कचऱ्याच्या रूपाने पुन्हा पुढे आला. २०१८ च्या महाराष्ट्राच्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीला सूट देताना तिच्यावर किमान पन्नास पैसे पुनर्खरेदी किंमत छापण्याची अट घातली होती. पिशवी पुन्हा भरली जात नाही, हा फरक मोठा आहे. पण खुणेची दिशा बदललेली पाहा. ‘ही अमक्याची आहे’ याऐवजी ‘ही परत आणाल तर एवढे मिळेल’. आणि घरोघरच्या पिशव्या आजही कोण गोळा करतो? भंगारवालाच.

आपल्या घरांतही याची परंपरा आहे. स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून घेतात. लग्नाकार्यात आळीभरची पातेली एकत्र होतात, दुसऱ्या दिवशी नावे वाचून ज्याची त्याला जातात. शेजारणीच्या नावाची वाटी आपल्या मांडणीवर चार दिवस राहिली म्हणून कोणी पोलिसांना बोलावत नाही. उलट वाटी रिकामी परत करू नये, असा रिवाज. नावाने पत्ता सांगितला, परत पाठवण्याचे काम रिवाजाने केले.

म्हणून आमचे म्हणणे असे. मालकीच्या खुणेला कायद्याने मान द्यावा. मालकाला आपली बाटली मागण्याचा हक्क असावा. खूण पुसून किंवा दुसऱ्याच्या नावाखाली माल खपवून फसवणाऱ्याला शिक्षा व्हावी. पण खुणेची वस्तू जवळ असणे हाच अपराधाचा पुरावा, हे कलम कुठल्याही कायद्यात शिरू देऊ नये. आज प्लास्टिकच्या त्रासापायी पुन्हा भरता येणाऱ्या बाटल्यांची, डब्यांची, क्रेटची भाषा सुरू झाली आहे, आणि ती चांगली गोष्ट आहे. उद्या त्यासाठी नियम लिहिले जातील तेव्हा मालक कंपन्या आपले नुकसान मोजून दाखवतील, आणि जुने गृहीतक नव्या शब्दांत पुढे येईल. तेव्हा ते लिहिणाऱ्यांना एवढेच विचारा : बाटली परत आणणारा माणूस कोण आहे? आणि तुमच्या कलमात पहिला आरोपी कोण ठरतो आहे? दोन्हींचे उत्तर एकच येत असेल, तर ते कलम खोडून तिथे अनामतीची रक्कम लिहायला सांगा.