आकृतीतून गाळलेला पूल

इंटरनेट शिकवताना फळ्यावर एक आकृती हमखास येते : ठिपके, त्यांना जोडणाऱ्या रेषा आणि ‘एक रेषा तुटली तरी संदेश दुसऱ्या वाटेने जातो’ हे वाक्य. तिचे मूळ रँड संस्थेच्या पॉल बॅरन यांच्या १९६४ सालच्या अहवालांत आहे. जाळ्यात पुरेसे जादा दुवे ठेवले, तर मोठ्या हल्ल्यानंतरही उरलेली केंद्रे एकमेकांशी बोलू शकतात, हे त्यांनी गणिताने दाखवले. विचार थोरच. आमची तक्रार आहे ती आकृतीच्या शालेय अवताराबद्दल. त्यात प्रत्येक रेषा स्वतंत्र धरलेली असते. जमिनीवर तसे असेलच असे नाही.

शिरूर आणि दौंड तालुक्यांचा नकाशा घ्या. न्हावरे–चौफुला रस्ता पारगावजवळ भीमा ओलांडतो. समजा, दोन तालुक्यांना जोडणाऱ्या दोन केबली याच पुलावरून नेल्या. फळ्यावर रेषा दोन. पुराने पूल खचला की दोन्ही एकदम गेल्या! राउटर कितीही हुशार असला तरी नसलेली वाट कुठून शोधणार? जुलै २००१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या रेल्वे बोगद्यात मालगाडीला आग लागली, तेव्हा अनेक कंपन्यांच्या केबली त्याच बोगद्यात निघाल्या.

आकृतीत वेळही दिसत नाही. केबल तुटल्याची बातमी सर्व राउटरांना पोचून नवे मार्ग ठरेपर्यंत काही सेकंद जाऊ शकतात. पर्यायी वाट आधीच ठरवून ठेवली, तर हेच काम सुमारे ५० मिलिसेकंदांत होते. मात्र कोणत्या रेषा एकाच पुलावर आहेत, हे जाळे आखणाऱ्याने आधी नोंदवलेले हवे.

ग्रामपंचायतींसाठीच्या भारतनेटची सुरुवातीची मांडणी फांद्यांसारखी होती. जेसीबीने एकदा केबल उखडली की पलीकडची गावे बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात कड्याची मांडणी आली. ही सुधारणा खरीच. पण कड्याच्या दोन्ही बाजू एकाच चरात टाकल्या, तर ते कडे दाबून चपटे होते, म्हणजे पुन्हा फांदीच.

म्हणून वर्गात रेषा पुसायला सांगण्याऐवजी पारगावचा पूल पुसायला सांगावा. मग न्हावऱ्याचा संदेश चौफुल्याला शिक्रापूर, पुणे, यवत असा जाईल. ही वाट भीमा ओलांडते ती कोरेगाव भीमाच्या निराळ्या पुलावरून. वळसा दीडशे किलोमीटरांचा धरला, तरी काचतंतूतल्या प्रकाशाला त्यासाठी एक मिलिसेकंदही जादा लागत नाही.