मुदत संपली, म्हणजे काय संपले?

२०२५ च्या दिवाळीच्या सुटीनंतर एका माध्यमिक शाळेत जाण्याचा योग आला. संगणक कक्षात बारा संगणक होते आणि बाराही व्यवस्थित चालू होते. मुले त्यांवर तक्ते भरीत होती, चित्रे काढीत होती. संगणक शिक्षक मात्र चिंतेत दिसले. म्हणाले, "सर, विक्रेता सांगतो हे सगळे बाद झाले, नवे घ्या. संस्थाचालक म्हणतात, चालतायत ना, मग चालू द्या. मी कोणाचे ऐकू?"

निमित्त होते विंडोज १० चे. २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आलेल्या या कार्यप्रणालीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी काढून घेतला. विक्रेत्याचे आणि संस्थाचालकांचे, दोघांचेही म्हणणे मला चुकीचे वाटते. ज्या घोषणेतून हा गोंधळ निघाला, तीही तपासून घ्यायला हवी.

आधी 'चालतायत ना' याविषयी. कार्यप्रणाली म्हणजे कोट्यवधी ओळींची आज्ञावली. इतक्या मोठ्या लिखाणात चुका राहतातच. त्यांतल्या काही चुका अशा असतात, की त्यांतून परका माणूस संगणकात शिरू शकतो. अशी भोके सापडली, की कंपनी ठिगळ तयार करते आणि दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ती ठिगळे सर्वांना पाठवते. आधार संपला म्हणजे हे ठिगळ येणे थांबले. त्या दिवशी संगणकात काहीच बिघडत नाही, म्हणून तर 'चालतायत ना' हे खरे वाटते.

येथे एक शंका येईल. दहा वर्षे ठिगळे लावून झाली, आता नवी भोके कोठून येणार? ती नवी नसतात; मुळातच असतात, सापडतात मात्र उशिरा. शिवाय विंडोज ११ चा पुष्कळसा भाग विंडोज १० वरूनच आलेला आहे. नव्या प्रणालीसाठी ठिगळ निघाले, की जाणकार लोक ठिगळाआधीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून पाहतात. कोठे बदल केला हे कळले, की भोक कोठे होते हेही कळते. तेच भोक जुन्या प्रणालीतही असण्याचा संभव मोठा, आणि तेथे ते उघडेच राहिलेले असते. एका इमारतीतल्या सर्व दारांना एकाच कारखान्याची कुलपे आहेत, आणि कारखानदाराने फक्त वरच्या मजल्यांची कुलपे दुरुस्त केली, तर खालच्या मजल्यांवर काय कच्चे आहे हे चोराला वेगळे सांगावे लागत नाही.

या संदर्भात 'वॉनाक्राय'ची गोष्ट नेहमी सांगितली जाते. १२ मे २०१७ रोजी हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचे काम कोलमडले. रुग्णालयांत जुनाट विंडोज एक्सपी होती, तिचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता, म्हणून हे घडले, असे अनेक लेखांत वाचायला मिळते. ते बरोबर नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरात अहवाल दिला, त्यानुसार बाधित संगणकांपैकी बहुतेकांवर विंडोज ७ होती. तिचा आधार तेव्हा चालू होता; तो १४ जानेवारी २०२० पर्यंत चालला. ठिगळही १४ मार्च २०१७ लाच, म्हणजे सुमारे दोन महिने आधी, निघाले होते. ते कोणी लावलेच नव्हते! तेव्हा नवी प्रणाली विकत घेऊन तिची अद्ययावत करण्याची सोय बंद करून ठेवणारी शाळा सुरक्षित झाली, असे समजू नये. इंटरनेट मंद होते म्हणून ही सोय बंद करून ठेवलेली मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे.

आता विक्रेत्याच्या 'बाद झाले' याकडे वळू. विंडोज ११ फुकट मिळते, पण ती प्रत्येक संगणकावर अधिकृतपणे बसत नाही. ४ जीबी स्मृती आणि ६४ जीबी साठवण या अटी समजण्याजोग्या आहेत. त्यांशिवाय टीपीएम २.० ही चीप लागते. सांकेतिक किल्ल्या सुरक्षित ठेवणारी ही छोटी तिजोरी म्हणता येईल. सुरक्षिततेसाठी ती उपयुक्त आहे, यात वाद नाही. परंतु इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीच्या अनेक संगणकांत टीपीएम २.० असूनही ते यादीबाहेर राहिले, कारण सीमारेषा साधारणपणे आठव्या पिढीवर आखली गेली. गंमत अशी, की २०२१ साली यादीत सातव्या पिढीच्या मोजक्याच प्रोसेसरांना जागा मिळाली, आणि त्यांतला एक कंपनीच्या स्वतःच्या 'सरफेस स्टुडिओ २' या महागड्या संगणकात बसवलेला होता. रेषा केवळ तांत्रिक कारणांनी आखली गेली, हे मग पटणे कठीण जाते.

'मुदत' हा शब्दही फसवा आहे. औषधाची मुदत संपते तेव्हा त्यातले रसायन बदललेले असू शकते. येथे तसे काही होत नाही. विंडोज १० साठी ठिगळे तयार करणे १४ ऑक्टोबरनंतरही थांबले नाही; ती पैसे भरणाऱ्या संस्थांसाठी आणखी तीन वर्षे, म्हणजे ऑक्टोबर २०२८ पर्यंत, देण्याचे कंपनीने जाहीर केले. दर संगणकामागे उद्योगांना पहिल्या वर्षी ६१ डॉलर, आणि दर वर्षी दुप्पट. शिक्षणसंस्थांना मात्र १, २ आणि ४ डॉलर. एक्सपीसाठीही २०१७ च्या त्या संकटात कंपनीने तातडीने ठिगळ दिलेच होते. दहा वर्षे एखादी प्रणाली सांभाळणे हे थोडे काम नाही आणि त्याला खर्च येतो, हे मान्य. पण हा व्यापारी निर्णय आहे आणि त्याला निर्णयच म्हणावे. शिक्षणसंस्थांसाठीचा एक डॉलरचा दर त्या विक्रेत्याने शाळेला सांगितला नव्हता, हे वेगळे सांगायला नको.

ज्या शाळांना तेही नको, त्यांना लिनक्सचा मार्ग आहे. केरळच्या सरकारी शाळांत मुले कित्येक वर्षे मुक्त प्रणालीवरच शिकत आली आहेत. लिनक्सला मुदत नसते असे मात्र कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला प्रमाणित आधार पाच वर्षांचाच असतो. फरक इतकाच, की पुढची आवृत्ती बहुधा त्याच यंत्रावर बसते, आणि यंत्र फारच अशक्त असेल तर हलकी आवृत्ती निवडता येते.

आपल्याकडची खरी अडचण निराळी आहे आणि ती संगणक कक्षात नाही, कार्यालयात आहे. वर्षानुवर्षांचे दाखले, पत्रे, प्रश्नपत्रिका कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असतात. त्या फाइलींत मराठी अक्षरे नसतातच. रोमन चिन्हांचे संकेत असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. फॉन्ट नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटते. फॉन्ट लिनक्सवर बसवता येतो, पण टंकलेखनाचे जुने सॉफ्टवेअर तेथे चालेलच असे नाही. त्यामुळे लिपिकाचा विरोध हा नुसता हट्ट नव्हे. या फाइली युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आहेत, पण जोडाक्षरांत आणि रफारात चुका होतात. प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावे लागते.

त्या शाळेत आम्ही बारा यंत्रांची यादी केली. चार विंडोज ११ ला चालणारी निघाली, आठ नाहीत. आठांपैकी दोनांवर लिनक्स बसवून मुलांना दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तक्रार केली ती एवढीच, की चित्रे काढण्याचा जुना कार्यक्रम सापडत नाही. तेरावा संगणक लिपिकाच्या टेबलावर होता, इंटरनेटला जोडलेला, मुलांचे जन्मदिनांक आणि बँक खात्यांचे क्रमांक पोटात घेऊन. त्याचा विचार तोवर कोणीच केला नव्हता. सुरुवात तेथून केली.