‘राजी’ची पुनर्भेट
तिरुवैयारु येथे पौष वद्य पंचमीस त्यागराजांची तीच पंचरत्ने दरवर्षी गायिली जातात; पुढचा चरण ठाऊक असूनही श्रोता विटत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) हा व्हिडिओ गेम येथे दुसऱ्यांदा खेळताना हीच कसोटी मनात होती. भाऊ गोलूच्या शोधात निघालेल्या राजीची झुंज या खेपेस यांत्रिक वाटली. असुर कोठून येणार हे ठाऊक होते. मात्र दुर्गा-विष्णूंचे निवेदन आणि छायाबाहुल्यांतून उलगडणारी कथा अधिक भिडली. (तमिळनाडूत चामडी बाहुल्यांचा खेळ करणारी कित्येक कुटुंबे घरी मराठी बोलतात, म्हणूनही असेल.) तुटक शेवट दुसऱ्यांदा जास्तच खटकला, कारण आता गोलूची ओढ खेळणाऱ्यासही लागलेली असते.